फॉरेन्सिकमध्ये जायचंय? आधी टेबल ठरवा, मग पदवी

फॉरेन्सिकचा कोर्स कुठे करावा, असं कुणी विचारलं की आधी उलट विचारावं लागतं: तुला कोणत्या टेबलावर काम करायचंय? कारण सगळंच करणारा ‘फॉरेन्सिक तज्ज्ञ’ सरकारी प्रयोगशाळेत नसतो. तिथे विभाग असतात. विषशास्त्र, जीवशास्त्र व रक्तजलशास्त्र, डीएनए, सामान्य विश्लेषण, दारूबंदी व उत्पादन शुल्क, क्षेपणशास्त्र (म्हणजे बंदुका-गोळ्यांची तपासणी), भौतिकशास्त्र, सायबर, ध्वनी विश्लेषण, मानसशास्त्र. व्हिसेरा, म्हणजे मृताच्या अवयवांचे नमुने, तपासणारा काडतुसांवर मत देत नाही आणि दिलंच तर आरोपीचा वकील त्याला सोडत नाही. टीव्हीवर एकच माणूस प्रेत पाहतो, ठसे उचलतो, डीएनए काढतो आणि शेवटी आरोपीच्या मुसक्याही आवळतो. आपल्याकडे ही चार कामं चार वेगळ्या ठिकाणची माणसं करतात.

शवविच्छेदन डॉक्टर करतो. त्यासाठी एमबीबीएस लागतं आणि पुढे तज्ज्ञ व्हायचं तर नीट-पीजीतून तीन वर्षांचं एमडी फॉरेन्सिक मेडिसिन. बीएस्सी फॉरेन्सिक करून शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभं राहता येत नाही. हे प्रवेश घेण्याआधी माहीत असलेलं बरं. बोटांचे ठसे, तसंच हस्ताक्षर आणि दस्तऐवजांची तपासणी ही कामं महाराष्ट्रात राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे, म्हणजे पुणे मुख्यालय असलेल्या सीआयडीकडे आहेत. उरलेलं बहुतेक सगळं न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाकडे. तेही गृह विभागाखालीच येतं, पण पोलीस दलाचा भाग म्हणून नाही. मुख्यालय मुंबईत कलिन्याला. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, कोल्हापूर आणि नांदेडला प्रादेशिक प्रयोगशाळा. इथून जो अहवाल जातो त्याला पोलीस ठाण्यात आणि कोर्टात सगळे ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, कारण खाली सही रासायनिक विश्लेषकाची (केमिकल ॲनलायझर) असते.

मागणी वाढली आहे ती कायद्यामुळे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षा असलेल्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं. राज्यांना ही तरतूद अमलात आणायला पाच वर्षांची मुदत आहे. महाराष्ट्रात २०२५ पासून मोबाईल फॉरेन्सिक व्हॅन रस्त्यावर आल्या त्या यासाठीच. पण व्हॅनवरचं काम आणि प्रयोगशाळेतलं काम यांत बराच फरक आहे. व्हॅनवर वेळी-अवेळी फोन येतो, काम उघड्यावर असतं, पाऊस असतो, भोवती गर्दी असते. कौशल्य लागतं ते शोधण्याचं, फोटो काढण्याचं, नीट उचलण्याचं आणि नीट बांधण्याचं. विश्लेषण नंतर दुसराच कुणीतरी करतो. ज्याला उपकरणांत रस आहे त्याने ‘क्राइम सीन’ या शब्दाला भुलू नये. आणि ज्याला एका जागी बसवत नाही त्याने जीसीपुढे, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या वायू-वर्णलेखन यंत्रापुढे, बसायची नोकरी धरू नये.

विषशास्त्राचं टेबल

महाराष्ट्रात रसायनशास्त्राच्या पदवीधराला सगळ्यात जास्त काम इथे आहे. ग्रामीण भागातून येणाऱ्या प्रकरणांत कीटकनाशकं, धान्यात ठेवायच्या गोळ्या, उंदीर मारायचं औषध हीच यादी पुन्हापुन्हा दिसते.

व्हिसेरा म्हणजे जठर त्यातल्या अन्नासह, लहान आतड्याचा साधारण ३० सेंटिमीटर तुकडा, यकृताचा सुमारे ५०० ग्रॅम भाग, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग, प्लीहा आणि रक्त. जठर व आतडं एका बाटलीत, यकृत-मूत्रपिंड दुसऱ्या बाटलीत, रक्त तिसऱ्यात. अवयव टिकावेत म्हणून परिरक्षक घालतात, ते म्हणजे मिठाचं संपृक्त द्रावण. १०० मिलि पाण्याला साधारण ३६ ग्रॅम मीठ लागतं, पण वजन करत बसण्यापेक्षा तळाशी न विरघळलेलं मीठ दिसतंय का ते पाहणं सोपं. आम्लाच्या विषबाधेत मिठाऐवजी रेक्टिफाइड स्पिरिट घालतात, मात्र कार्बोलिक आम्ल याला अपवाद. दारूचा किंवा फॉस्फरसचा संशय असेल तेव्हा स्पिरिट चालत नाही. फॉर्मलिन तर कधीच नाही. ते ऊतींना कडक करतं आणि मग विष बाहेर काढणं अवघड होऊन बसतं. वापरलेल्या परिरक्षकाचा थोडा नमुना वेगळ्या बाटलीत यावा लागतो. नाहीतर विष मिठातूनच आलं असेल, असं म्हणायला वाट राहते.

बाटली दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरली की घोळ होतो. मे महिन्यात तालुक्याच्या गावाहून निघालेल्या बाटलीत कुजण्यामुळे वायू साठतो, झाकण उचकतं, द्रव लेबलावर सांडतो आणि नंबर वाचता येत नाही. असा मुद्देमाल स्वीकारायचा की परत पाठवायचा हा निर्णय नव्या माणसाला पहिल्या महिन्यापासून घ्यावा लागतो. सोबतच्या अग्रेषण पत्रावरचा (मुद्देमाल पाठवतानाचं पोलिसांचं पत्र) नमुना सील आणि बाटलीवरच्या लाखेचा सील जुळतो का, बाटल्यांची संख्या पत्राप्रमाणे आहे का, शवविच्छेदन क्रमांक तोच आहे का, हे पाहून त्याची नोंद करायची. ती नोंद अहवालात जाते. अग्रेषण पत्र आणि पंचनामे मराठीत, बहुतेक हाताने लिहिलेले असतात. बाहेरच्या राज्यातून शिकून आलेले हुशार विद्यार्थी इथे अडतात.

पुढची पायरी निष्कर्षणाची. ऊती बारीक करून योग्य द्रावकाने विष बाहेर काढायचं, साफ करायचं, मग पातळ थर वर्णलेखन, म्हणजे सगळे ज्याला टीएलसी म्हणतात ते, ज्यात प्लेटवरच्या पातळ थरात पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर चढून वेगळे होतात, आणि खात्रीसाठी पदार्थाची नेमकी ओळख पटवणारी जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस ही यंत्रं. शिकाऊ माणसाची नेहमीची चूक द्रावकाची. सगळ्या कीटकनाशकांना एन-हेक्झेन चालेल असं तो गृहीत धरतो. क्लोरीनयुक्त कीटकनाशकांना चालतंही. पण मोनोक्रोटोफॉस पाण्यात सहज मिसळतं आणि हेक्झेनमध्ये फारसं उतरत नाही. तिथे क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेन किंवा इथाइल ॲसिटेट घ्यावं लागतं. प्लेटवर ते फार वर चढतही नाही, तेव्हा खालच्या भागातला फिकट ठिपका दुर्लक्षित होतो. प्लेटवर ठिपका उठवणारी फवारणी-अभिकर्मकं, म्हणजे फवारायची रसायनं, शोधण्याचं काम छत्रपती संभाजीनगरच्या प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञांनी बरीच वर्षं केलंय, त्यावर त्यांचे शोधनिबंधही आहेत. ज्याला संशोधनाची आवड आहे त्याने ते वाचावेत. महागडं यंत्र नसतानाही नेमका प्रश्न कसा सोडवतात हे त्यात दिसतं.

धान्याच्या गोळ्यांचं, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडचं, वेगळंच असतं. ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. सिल्व्हर नायट्रेटचा कागद त्याने काळा होतो, पण कुजलेल्या व्हिसेऱ्यातल्या हायड्रोजन सल्फाइडनेही तो काळा होतो. म्हणून शेजारी लेड ॲसिटेटचा कागद ठेवायचा. तोही काळा झाला तर नुसत्या सिल्व्हरच्या काळेपणावरून मत देता येत नाही. आणि बाटली नीट बंद नसेल, उशीर झाला असेल, तर वायू आधीच निघून गेलेला असतो. असा अहवाल नकारात्मक येतो आणि गावात ‘विष नव्हतंच’ असा त्याचा अर्थ काढला जातो. साप चावून मृत्यू झाला असेल तर नेहमीच्या रासायनिक चाचण्यांत काहीच दिसत नाही. ‘आढळले नाही’ आणि ‘नव्हते’ यांतला फरक अहवालाच्या भाषेत राखणं हाही याच नोकरीचा भाग आहे.

या विभागात जायचं असेल तर रसायनशास्त्रात, त्यातही विश्लेषणात्मक किंवा सेंद्रिय रसायनात एमएस्सी करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. फॉरेन्सिकचा पदव्युत्तर डिप्लोमा नंतर जोडता येतो. उलट क्रमाने, म्हणजे कच्च्या रसायनशास्त्रावर फॉरेन्सिकची पदवी चढवली, तर माणूस यंत्राने दिलेला आकडा वाचतो, पण तो चुकीचा का आहे हे त्याला ओळखता येत नाही.

दारूचं टेबल

रटाळ काम म्हणून नवी मुलं या टेबलाला नाक मुरडतात. शिकायला मात्र याहून चांगली जागा नाही, कारण पद्धत ठरलेली, संख्या मोठी आणि कायद्याची रेषा आकड्यात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम ६६ मध्ये वजन-आकारमानाने ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिला ५० मिलिग्रॅम. एकाच रक्ताचा ४२ हा आकडा एका कायद्यात गुन्हा ठरतो, दुसऱ्यात तो दारू प्यायल्याचं गृहीत धरण्याच्या रेषेखाली राहतो. दोनतीन मिलिग्रॅमची चूक इथे महाग पडते.

रक्त घेताना त्वचेला स्पिरिटचा बोळा लावायचा नाही. कुपीत दर मिलि रक्ताला साधारण १० मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड असावं, सोबत गोठू नये म्हणून पोटॅशियम ऑक्झलेट. फ्लोराइड कमी पडलं की सूक्ष्मजीव रक्तातली साखर आंबवतात आणि दारू न प्यायलेल्याच्या नमुन्यात अल्कोहोल तयार होतं. प्रयोगशाळेत हेडस्पेस जीसी. काचेच्या कुपीत थोडं रक्त, त्यात आंतरिक प्रमाण, म्हणजे तुलनेसाठी मुद्दाम घातलेला ठरावीक पदार्थ, म्हणून एन-प्रोपेनॉल, झाकण दाबून बंद, ६० अंश सेल्सिअसला काही मिनिटं तापवायचं आणि वरची वाफ यंत्रात सोडायची. झाकण सैल राहिलं तर अल्कोहोल आणि प्रोपेनॉल दोन्ही उडतात, पण सारख्या प्रमाणात नाही. आधीचा नमुना तीव्र असेल तर त्याचा अंश पुढच्यात दिसतो, म्हणून मध्ये कोरा, म्हणजे अल्कोहोल नसलेला, नमुना चालवायचा. मृताचं कुजलेलं रक्त असेल तर प्रोपेनॉल कुजण्यातूनही तयार होतं. मग आलेखात आंतरिक प्रमाणाचं शिखर फुगतं आणि अल्कोहोलचा आकडा खाली येतो. अशा नमुन्याला टी-ब्युटेनॉल वापरणं शहाणपणाचं. प्रत्येक नमुना दोनदा, दोन्ही आकडे जवळ यायला हवेत, अंशांकनाचा, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणांवरून यंत्र जुळवण्याचा, आलेख त्याच दिवसाचा हवा. एवढी शिस्त हाताला लागली की कुठल्याही विभागात काम करता येतं.

डीएनए

सगळ्यांना इथेच यायचंय आणि जागा थोड्या असतात. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जैवरसायन, अनुवंशशास्त्र यांतली एमएस्सी चालते. पण काम संशोधनाचं नाही, ठरावीक किटचं आहे. आज वापरात असलेल्या मोठ्या किटमध्ये डीएनएवरची २४ ठिकाणं एकाच वेळी वाढवली जातात, म्हणजे त्यांच्या प्रती काढल्या जातात, लिंग ठरवणारा अमेलोजेनिन त्यात धरून. लागणारा डीएनए सुमारे १ नॅनोग्रॅम, म्हणजे दीडशेच्या आसपास पेशींचा. जास्त घातला की चालेल असं वाटतं, पण शिखरं फुगतात, खोटी शिखरं उठतात आणि दोन माणसांचं मिश्रण असल्याचा भास होतो. कमी घातला की एखादं अलील, म्हणजे त्या ठिकाणच्या दोन रूपांपैकी एक, गळून जातं आणि निरपराध माणूस जुळत नसूनही जुळल्यासारखा, किंवा खरा माणूस न जुळल्यासारखा दिसतो. म्हणून रिअल-टाइम पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती काढता काढता तो किती आहे ते सांगणाऱ्या पद्धतीने, आधी मोजायचं, मगच पुढे जायचं. ही पायरी गाळून नमुने वाचवता येत नाहीत.

निम्मी प्रकरणं प्रयोगशाळेत यायच्या आधीच बिघडलेली असतात. रक्ताने माखलेला शर्ट ओला असताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की दोनतीन दिवसांत बुरशी चढते. सावलीत वाळवून कागदी पाकिटात बांधायचा असतो, प्रत्येक कपडा वेगळा. संदर्भ रक्त, म्हणजे तुलनेसाठी माणसाकडून घेतलेलं, ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत हवं. हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं दुसरं रसायन पीसीआरला अडवतं. जीन्सच्या निळ्या रंगाने आणि शेतातल्या मातीतल्या ह्यूमिक आम्लानेही हेच होतं. तेव्हा ‘डीएनए मिळाला नाही’ असं लिहायच्या आधी अर्क पातळ करून किंवा पुन्हा शुद्ध करून पाहायचा. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात स्त्रीच्या पेशी आधी फोडून बाजूला काढायच्या आणि शुक्रपेशी फोडायला डीटीटी हे रसायन वापरायचं, अशी दोन टप्प्यांची पद्धत असते. पहिला टप्पा घाईत उरकला की दोघांचं मिश्रण हाती येतं. रक्ताच्या प्राथमिक फिनॉल्फ्थॅलिन चाचणीला काही वनस्पतींतली पेरॉक्सिडेजही गुलाबी करतात, तेव्हा तेवढ्यावर ‘रक्त’ असं लिहायचं नाही.

आणि हो, विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाची स्वतःची डीएनए रूपरेषा (प्रोफाइल) नोंदलेली असते. शिकाऊ मुलगा मास्क न लावता बोलत बसला तर त्याचीच रूपरेषा कुठल्यातरी चाकूवर सापडते. जैविक नमुन्यांवर काम सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस पूर्ण करावेत. ०, १ आणि ६ महिने असा क्रम आहे, म्हणजे रुजू व्हायच्या आठवड्यात धावपळ करून भागत नाही.

सायबर

संगणकशास्त्र, आयटी, इलेक्ट्रॉनिक्सची मुलं इकडे येऊ लागली आहेत आणि प्रयोगशाळांनाही ती हवी आहेत. पहिला धडा सोपा वाटतो: मूळ डिस्कवर काम करायचं नाही. डिस्कवर काही लिहिलं जाऊ न देणारा राइट ब्लॉकर लावून प्रतिमा, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, काढायची, हॅश, म्हणजे त्या माहितीवरून निघणारा ओळख-आकडा, मोजायचा, पुढचं सगळं काम प्रतीवर. कुणीतरी पोलीस ठाण्यातच डिस्क साध्या विंडोज संगणकाला जोडून ‘एकदा बघून’ घेतलेली असते. तेवढ्याने फायलींच्या वेळा बदलतात आणि जप्तीच्या वेळचा हॅश जुळत नाही. एसएसडीची, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या चिपवरच्या डिस्कची, गोष्ट आणखी वेगळी. नुसता वीजपुरवठा मिळाला तरी आतला नियंत्रक पुसलेल्या जागा साफ करत राहतो, त्यामुळे राइट ब्लॉकर असूनही दुसऱ्यांदा मोजलेला हॅश वेगळा येऊ शकतो. हे का झालं ते कोर्टात साध्या मराठीत सांगता आलं पाहिजे. चालू मोबाईल जप्त केला तर त्याचं नेटवर्क तोडायचं, सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत ठेवायचा आणि चार्ज राहील हे पाहायचं, नाहीतर दुरून पुसला जातो किंवा बंद पडून कुलूपबंद होतो.

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी प्रमाणपत्राचा नमुना दिला आहे. त्याचे भाग दोन: एक ती नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. हॅश कोणत्या पद्धतीने काढला तेही त्यात भरायचं. विद्यार्थ्याने मोफत मिळणारं ऑटोप्सी हे सॉफ्टवेअर आणि एखादा जुना पेनड्राइव्ह घेऊन घरीच सुरुवात करावी. महागड्या साधनांची प्रमाणपत्रं नंतर, नोकरीत गरज पडली की घेता येतात.

क्षेपणशास्त्र आणि भौतिकशास्त्रात भौतिकीची माणसं लागतात. तुलना सूक्ष्मदर्शक, चाचणी गोळीबार, गोळीबाराच्या अवशेषांत शिसं-बेरियम-अँटिमनी शोधणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. संशयिताने हात धुतले की हे अवशेष जातात, त्यामुळे इथला निम्मा निकाल नमुना किती लवकर घेतला यावर ठरतो. मानसशास्त्र विभागाकडे आकर्षण फार, पण पदं मोजकीच. नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची चाचणी सक्तीने करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक या निकालात स्पष्ट केलं आहे.

कोर्ट

हा विषय अभ्यासक्रमात एका पेपरपुरता असतो, नोकरीत मात्र रोजचा. सरकारी शास्त्रीय तज्ज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुराव्यात घेता येतो. पूर्वी हे दंड प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मध्ये आहे. ज्यांचा अहवाल असा घेता येतो त्या तज्ज्ञांच्या यादीत मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या संचालकांचाही समावेश आहे. पण कोर्ट समन्स काढू शकतं, आणि तज्ज्ञाला स्वतः जाणं शक्य नसेल तर प्रकरणाची माहिती असलेल्या जबाबदार सहकाऱ्याला पाठवता येतं. म्हणजे पिंजऱ्यात उभं राहायची वेळ नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतही येऊ शकते, तीही चारपाच वर्षांपूर्वीच्या प्रकरणात. तेव्हा आठवणीवर विसंबता येत नाही. कामाच्या वहीत तारीख, यंत्राचा क्रमांक, अभिकर्मकाचा बॅच, कोऱ्या नमुन्याचा निकाल, आलेखाची छापील प्रत, खोडाखोड असेल तिथे एक रेघ आणि सही, हे सगळं असलं तर उलटतपासणी अर्ध्या तासात संपते.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावेत. २०२२ मध्ये दिल्लीच्या छावला प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की डीएनए अहवालाचा निष्कर्ष कशाच्या आधारे काढला, पद्धत विश्वासार्ह रीतीने वापरली का, हे खालच्या न्यायालयांनी तपासलंच नाही. २०२३ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या एका बालिकेच्या खुनाच्या खटल्यात नमुने पाठवायला झालेला उशीर आणि ताब्याच्या साखळीतल्या, म्हणजे नमुना कुणाकडून कुणाकडे गेला याच्या नोंदींतल्या, त्रुटी यांमुळे डीएनएचा पुरावा टिकला नाही. दोन्ही ठिकाणी फाशीची शिक्षा झालेले आरोपी सुटले. एकओळी निष्कर्ष लिहून सही करायची सवय किती महाग पडते ते यात दिसतं.

पदवी आणि प्रवेश

राज्य शासनाने २००९ मध्ये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला न्यायसहायक विज्ञान संस्था सुरू केल्या. तिथे बीएस्सी आहे, न्यायसहायक विज्ञान तसंच डिजिटल व सायबर या विषयांतले पदव्युत्तर डिप्लोमेही आहेत. खासगी महाविद्यालयांच्या तुलनेत फी कमी आणि शिक्षकांचा संपर्क प्रयोगशाळांशी. केंद्राचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ गांधीनगरला. २००९ मध्ये गुजरात राज्याचं म्हणून सुरू झालेलं हे विद्यापीठ २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय झालं. मराठी मुलांना जवळचं म्हणजे गोव्यात फोंड्याचं संकुल, आणि आता नागपूरजवळ कामठी तालुक्यातलं, ज्याची पायाभरणी २०२५ मध्ये झाली. प्रवेशासाठी त्यांची स्वतःची परीक्षा असते. प्राध्यापकी करायची असेल तर यूजीसी-नेटमध्ये फॉरेन्सिक सायन्स हा स्वतंत्र विषय आहे, क्रमांक ८२.

महाविद्यालय निवडताना इमारत आणि जाहिरात पाहू नका. तिथे विचारा: जीसी किंवा एचपीएलसी (द्रवातले घटक वेगळे करणारं यंत्र) चालू स्थितीत आहे का, विद्यार्थी स्वतः नमुना टोचतो की लांबून पाहतो, शेवटच्या वर्षी प्रयोगशाळेत प्रशिक्षणाला किती आठवडे पाठवतात आणि कुठे. ‘सीआयडीत नोकरीची हमी’ असं छापणाऱ्या सहा महिन्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रांची सरकारी भरतीत काडीचीही किंमत नाही.

भरती

वैज्ञानिक सहाय्यक हे प्रयोगशाळेतलं आत शिरायचं नेहमीचं पद. २०२४ मध्ये संचालनालयाने गट-क ची १२५ पदं जाहीर केली, त्यांत वैज्ञानिक सहाय्यकाची ५४, संगणक गुन्हे व ध्वनी विश्लेषणाची १५ आणि मानसशास्त्राची फक्त २ होती. ही विभागणी नीट पाहिली की कुठलं टेबल धरावं हे आपोआप कळतं. सहायक रासायनिक विश्लेषकासारखी राजपत्रित पदं राज्य लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. केंद्रीय प्रयोगशाळांमध्ये, त्यांपैकी एक पुण्यात आहे, वरची पदं यूपीएससी आणि खालची बरीचशी एसएससी भरते. गोव्याची राज्य प्रयोगशाळा वेर्ण्याला आहे. ठशांच्या क्षेत्रात एकदा ब्युरोत शिरलं की राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची अखिल भारतीय परीक्षा पास होऊन तज्ज्ञ म्हणून मान्यता मिळवावी लागते.

जाहिरातीत शैक्षणिक अर्हतेची ओळ तीनदा वाचा. कुठे ‘रसायनशास्त्रासह विज्ञान पदवी, द्वितीय श्रेणी’ असतं, कुठे न्यायसहायक विज्ञानाची पदवी किंवा डिप्लोमा चालतो, कुठे अनुभव मागतात. बीएस्सीला तिसऱ्या वर्षी रसायनशास्त्र सोडलेलं असेल किंवा पदवीवर विषयाचं नाव वेगळं असेल तर कागदपत्र पडताळणीत नाव बाद होतं. विद्यापीठाकडून समकक्षतेचं पत्र आधीच काढून ठेवावं. दोन भरत्यांमध्ये कधीकधी बरीच वर्षं जातात. खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही वयोमर्यादा तेव्हा लांब वाटते, पण तितकी लांब नसते.

मधल्या काळात नुसता क्लास लावून बसण्यापेक्षा औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात किंवा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या अन्न-पाणी प्रयोगशाळेत काम धरावं. एचपीएलसी, जीसी, पद्धतीची वैधता तपासणं, आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकाचे कागद, ऑडिटला तोंड देणं, हे सगळं तिथे पगार घेत शिकता येतं, आणि सरकारी प्रयोगशाळेत नेमकं तेच लागतं. सायबरवाल्यांना बँका, विमा कंपन्या आणि मोठ्या सल्लागार संस्थांच्या फसवणूक-तपास विभागांत काम मिळतं. खासगी हस्ताक्षरतज्ज्ञांना दिवाणी दाव्यांत मागणी आहे. त्यासाठी देशात कुठला परवाना लागत नाही, त्यामुळे चांगल्या-वाईटाची भेसळही भरपूर आहे. अशा कुणाच्या हाताखाली शिकायला जायचं असेल तर आधी त्याच्या साक्षी झालेल्या खटल्यांचे निकाल वाचा. कोर्टाने त्याच्या मताबद्दल काय लिहिलंय ते तिथे सापडतं.